खलिफाच्या रिकाम्या मकबऱ्यापासून अंकारापर्यंत

खुलताबाद आमच्या घरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. औरंगजेबाच्या कबरीपाशी लोक जातात, पण त्याच परिसरात एक मकबरा असा आहे की ज्यात कोणीच नाही. हैदराबादच्या निजामानं तो तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफासाठी, म्हणजे मुसलमानांच्या धर्मप्रमुखासाठी, बांधवून घेतला. या खलिफाचं नाव अब्दुलमजीद दुसरा. त्याची मुलगी दुर्रुशेहवार 1931 साली निजामाच्या थोरल्या मुलाला दिली. लग्न फ्रान्समध्ये नीसला लागलं, कारण तेव्हा त्या घराण्याला स्वतःच्या देशात पाऊल ठेवायची मुभा नव्हती. 1944 साली खलिफा पॅरिसला वारला. तुर्कस्ताननं दफनाला परवानगी दिली नाही, म्हणून दहा वर्षं त्याचा देह पॅरिसच्या मशिदीत ठेवलेला होता. शेवटी 1954 साली मदिनेत माती मिळाली, आणि आमच्या मराठवाड्यातला मकबरा रिकामाच राहिला.

मी शाळेत इतिहास शिकवते. हे खलिफापद टिकावं म्हणून भारतात झालेली खिलाफत चळवळ पुस्तकात दोन परिच्छेदांत आटोपते. भायखळ्याचं खिलाफत हाउस, अली बंधू, गांधीजी, आणि मग एक वाक्य: ‘1924 मध्ये तुर्कस्ताननं खिलाफत रद्द केली.’ दरवर्षी एखादी तरी मुलगी विचारते, "मॅडम, त्यांची त्यांनीच रद्द केली? का?" या ‘का’साठी मी दोन वर्षं पैसे साठवले आणि नोव्हेंबरात भाचीला घेऊन निघाले. हे सगळं परत आल्यावर, वहीतल्या टिपणांवरून लिहिते आहे.

पहिला दिवस, 2 नोव्हेंबर: इस्तंबूल

पोचलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि अंगात शिरणारा वारा. त्या दिवशी काही पाहिलं नाही. सिरकेजी स्टेशनाजवळच्या गल्लीत मसुराच्या डाळीचं सूप घेतलं, मेर्जिमेक चोर्बासी. वर लिंबू पिळायचं आणि तिखटाची भुकटी भुरभुरायची. शाकाहारी माणसाला तुर्कस्तानात हे सूप, पांढरं चीज, ऑलिव्ह आणि पाव एवढ्यावर पंधरा दिवस सहज काढता येतील.

भाची मला "मावशी, मावशी" करते हे ऐकून वाढप्यानं अर्थ विचारला. आईची बहीण म्हटल्यावर तो खूश झाला. "तेय्झे!" आईच्या बहिणीला तिकडे तेय्झे म्हणतात, आणि कुठल्याही परक्या वयस्कर बाईलाही तेय्झेच. पुढचे नऊ दिवस मी सगळ्या देशाची मावशी होते. जेवण झाल्यावर बिल मागायचा शब्द हेसाप, म्हणजे आपला हिशेब. दुकानाला दुक्क्यान, मैदानाला मेयदान, कागदाला क्यात. फारसी-अरबीची ही पुंजी दोघांनी एकाच पेठेतून भरली आहे.

दुसरा दिवस: दोल्माबाह्चे

जुना तोपकापी राजवाडा सोडून सुलतान 1856 साली या नव्या, युरोपी धाटणीच्या राजवाड्यात राहायला आले. बोस्फरसच्या अगदी काठावर, 285 खोल्या आणि 46 दिवाणखाने. दरबार हॉलमधलं झुंबर साडेचार टनांचं आहे. त्याच्याखाली उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर बघावंसं वाटतं. पण मला त्या झुंबरापेक्षा तारखा जास्त दिसत होत्या. राजवाड्याचं बांधकाम चालू असतानाच, 1854 साली, क्रिमियाच्या युद्धासाठी ऑटोमन साम्राज्यानं पहिलं परदेशी कर्ज काढलं. 1875 साली हप्ते थकले. 1881 साली परदेशी धनकोंनी स्वतःची वसुली कचेरी इस्तंबूलमध्येच उघडली. म्हणजे हे छत सोन्यानं मढवलं गेलं आणि पंचवीस-तीस वर्षांत घर सावकाराच्या ताब्यात गेलं. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी हे बघितलेलं असतं. राजाच्या घरी बघताना त्रास तेवढाच होतो.

खलिफा अब्दुलमजीद याच राजवाड्यात राहायचा. तो चांगला चित्रकार होता, वाचणारा होता, आणि त्याचं ग्रंथालय अजून आहे. आधी 1 नोव्हेंबर 1922 ला अंकाराच्या संसदेनं सुलतानपद रद्द केलं. शेवटचा सुलतान वहिदुद्दीन 17 नोव्हेंबरला ब्रिटिश युद्धनौकेवरून निघून गेला. मग संसदेनं त्याच्या या चुलतभावाला नुसता खलिफा म्हणून निवडलं, राज्याशिवायचा. ते सोळा महिने टिकलं. 3 मार्च 1924 च्या रात्री राजवाड्याला पोलिसांचा वेढा पडला आणि पहाटेच्या आत निघा असं सांगण्यात आलं. सिरकेजीला गर्दी जमेल म्हणून त्याला मोटारीनं शहराबाहेर चाताल्जा स्टेशनावर नेलं. तिथला स्टेशनमास्तर यहुदी होता. त्यानं कुटुंबाला चहा केला आणि म्हणाला, स्पेननं आमच्या पूर्वजांना हाकललं तेव्हा तुमच्या घराण्यानं आसरा दिला होता, असं सांगतात. मी हे भाचीला राजवाड्यातल्याच बाकावर बसून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

चौदा वर्षांनी, ज्यानं त्याला घालवलं तो अतातुर्क, म्हणजे मुस्तफा कमाल, याच राजवाड्यात वारला. त्या खोलीत पलंगावर लाल झेंडा पसरलेला आहे आणि घड्याळ 9 वाजून 5 मिनिटांवर थांबवलेलं. तारीख 10 नोव्हेंबर 1938. आमच्या पुढे एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पलंगाला हात जोडले नाहीत, फक्त कोटाची बटणं नीट लावली.

जाणाऱ्यांसाठी: दोल्माबाह्चे सोमवारी बंद. आत फोटो काढू देत नाहीत. तिकिटांचे लिरातले दर सारखे वाढत असतात, त्यामुळे कुणाच्या जुन्या लेखातले आकडे धरून चालू नका. शहरात फिरायला पहिल्याच दिवशी इस्तंबूलकार्त घ्या; ट्राम, मेट्रो, बोट सगळीकडे चालतं.

तिसरा दिवस: थडगी, कर्ज आणि खेचर

दिवानयोलू रस्त्यावर, ट्रामच्या रुळांना लागून, सुलतान महमूद दुसरा याची कबर आहे. याच महमूदनं 1826 साली जानिसारी ही सुलतानांची जुनी फौज मोडून काढली आणि पागोट्यांच्या जागी फेझ टोपी आणली. बाजूच्या दफनभूमीत उभे दगड आहेत, आणि दगडांच्या माथ्यावर त्या-त्या माणसाचं शिरस्त्राण कोरलेलं. जुन्यांवर पागोटं, नंतरच्यांवर फेझ. पगडी की टोपी यावरून आपल्याकडे जसा माणूस ओळखता यायचा, तसा इथे काळ ओळखता येतो. 1925 च्या कायद्यानं फेझही गेली. त्याच आवारात झिया ग्योकाल्प याची कबर आहे. ‘तुर्क’ ही ओळख राष्ट्राचा पाया कशी होईल हे लिहून ठेवणारा हा माणूस. सुलतान आणि राष्ट्रवादी एकाच भिंतीच्या आत झोपले आहेत.

एक कॉलेजची मुलगी दगडाचा फोटो काढत होती. मला उर्दू अक्षरं थोडी लागतात, मराठवाड्यात आजोबांच्या पिढीची शाळाच उर्दूत झाली. मी दगडावरचं ‘मरहूम’ वाचलं, खालचं ‘फातिहा’ वाचलं. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला वाचता येतं? मला माझ्या पणजोबांचं नावसुद्धा वाचता येत नाही."

1 नोव्हेंबर 1928 ला लॅटिन लिपीचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1929 पासून छापील सगळं नव्या लिपीत आलं. दोन महिने! अतातुर्क स्वतः फळा-खडू घेऊन गावोगाव फिरला. बहुसंख्य लोक तेव्हा निरक्षर होते, आणि तुर्की भाषेतले स्वर अरबी अक्षरांत नीट मावत नव्हते हेही खरंच. शिक्षिका म्हणून मला तो फळा फार मोठा वाटतो. पण ती मुलगी दगडापुढे उभी होती तशी मीही आमच्या घरातल्या ट्रंकेपुढे उभी असते. पणजोबांच्या कागदांचं बोचकं आहे, निम्मं मोडीत, निम्मं उर्दूत. मोडी आपल्याकडे कुणी एका रात्रीत बंद केली नाही. छपाई आली, शाळांतून ती हळूहळू गेली, आणि आता जमिनीचा कागद वाचायला माणूस शोधत फिरावं लागतं. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत निजामकाळच्या नोंदी शोधताना सगळ्यांनीच हे पाहिलं आहे.

तिथून चढ उतरून जालओलूला गेलो. परदेशी धनकोंच्या त्या वसुली कचेरीची, म्हणजे दुयून-उ उमुमियेची, इमारत तिथे आहे. 1897 साली बांधलेली, किल्ल्यासारखी. मीठ, तंबाखू, रेशीम, दारू, मासळी, मुद्रांक या सगळ्यांवरचा महसूल सरकारात न जाता इथे जमा व्हायचा. साम्राज्याच्या अर्थखात्यापेक्षा या कचेरीत जास्त माणसं होती. आज तिथे शाळा आहे, इस्तंबूल लिसेसी. आत जाता आलं नाही, पण फाटकातून मुलं बाहेर पडताना बघितली, पाठीवर दप्तरं आणि हातात सिमित, म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं. साम्राज्य गेलं तरी कर्ज गेलं नव्हतं. 1923 च्या लोझानच्या तहात ते साम्राज्यातून निघालेल्या देशांमध्ये वाटलं गेलं आणि तुर्कस्ताननं आपल्या वाट्याचा शेवटचा हप्ता 1954 साली फेडला. पहिल्या कर्जाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती.

संध्याकाळी बायझीद मशिदीमागच्या सहाफलार चार्शीसीत, जुन्या पुस्तकांच्या बाजारात. एका दुकानात भिंतीवर चौकटीत पिवळा पडलेला कागद होता, अरबी अक्षरांतला. दुकानदार साठीचे. माझी नजर बघून त्यांनी स्टूल दिलं, चहा मागवला आणि भाचीच्या फोनमधल्या भाषांतरावर आमचा संवाद सुरू झाला. हा कागद त्यांच्या गावच्या घरी पिढ्यान्पिढ्या दाराच्या वर लावलेला. आई रोज त्याला हात लावून कपाळाला लावायची, कुराणातली आयत समजून. पाच वर्षांपूर्वी ते जुन्या लिपीच्या वर्गाला जाऊ लागले आणि एके दिवशी तो कागद वाचता आला. ती पावती होती. ‘खेचर 1, खोगीर 1, सैन्यासाठी घेतले.’ साल 1337. घरच्यांना ते हिजरी वाटायचं, पण ते रूमी सन, साम्राज्याच्या सरकारी कालगणनेचं साल, निघालं, म्हणजे 1921.

"मग काढला का नाही भिंतीवरून?" मी विचारलं.

"आई होती तोवर सांगितलंच नाही. ती गेल्यावर इथे आणून लावला," ते म्हणाले. "पणजोबांकडे एकच खेचर होतं."

चौथा दिवस: बोट आणि आगगाडी

एमिन्योनूहून काडीक्योयची बोट. वीस मिनिटांचा प्रवास, पण मला विचाराल तर इस्तंबूलमधला सगळ्यात चांगला. कंबरेत बारीक अशा काचेच्या पेल्यातून चहा येतो, सीगल बरोबर उडत असतात. समोर हायदरपाशा स्टेशन दिसतं, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांसह. जर्मनांनी बांधलेलं. दुरुस्तीमुळे तिथून गाड्या कित्येक वर्षं बंद आहेत. 24 एप्रिल 1915 च्या रात्री इस्तंबूलमधले आर्मेनियन लेखक, पत्रकार, वकील, डॉक्टर पकडले गेले आणि याच स्टेशनातून अनातोलियात पाठवले गेले. बहुतेक परत आले नाहीत. त्यानंतर अख्ख्या समाजाला वाळवंटाकडे हाकललं गेलं आणि लाखो माणसं मेली. तीन वर्षांनी, 13 नोव्हेंबर 1918 ला, हरलेल्या सैन्याचा सेनानी मुस्तफा कमाल अदानाहून येऊन याच पायऱ्या उतरला. समोर दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौका नांगर टाकून उभ्या. "आले तसे जातील," असं तो म्हणाला, हे तिथल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. स्टेशन एकच, पण पहिली गोष्ट मला कोणीच सांगितली नाही आणि दुसरी पाच जणांनी सांगितली.

दूर दक्षिणेला धुक्यात प्रिन्सेस बेटं दिसत होती. त्यांचा आपल्याशी संबंध आहे. एप्रिल 1916 मध्ये इराकात कुत इथे ब्रिटिशांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. सेनापती टाउनशेंडला या बेटांवर बंगल्यात ठेवलं. साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या कामावर जुंपलं, आणि त्यांतले हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. साताऱ्या-रत्नागिरीची किती घरं तेव्हा वाट बघत बसली असतील. बोट धक्क्याला लागेपर्यंत मी त्या बेटांकडे बघत होते.

सोयुतलुचेश्मेहून अंकाराची वेगवान गाडी. साडेचार तासांच्या आसपास. एस्कीशेहिरला उतरून दोन तास काढले ते फक्त चीब्योरेकसाठी, क्रिमियाहून आलेल्या तातारांचा तळलेला, कानवल्यासारखा पदार्थ. आत खिमा असतो. माझ्यासाठी चीजचा करून दिला. दुकानाच्या मालकीणबाईंचे पूर्वज क्रिमियाचे, नवऱ्याचे बल्गेरियाचे. साम्राज्य आकसत गेलं तसतशी कडेकडेची माणसं आत लोटली गेली, आणि आजच्या तुर्कस्तानातल्या असंख्य घरांची गोष्ट अशीच सुरू होते.

पोलातलीच्या उघड्या माळावरून गाडी जाते. ऑगस्ट-सप्टेंबर 1921 ची साकार्याची लढाई इथली. बावीस दिवस आणि बावीस रात्री. तोफांचा आवाज अंकारात ऐकू यायचा आणि संसद कायसेरीला हलवायची चर्चा चालू होती. पुस्तकात ‘ग्रीक फौजा अंकाराजवळ पोचल्या’ असं मी शिकवते. त्या माळावरून अंकारा गाठायला आमच्या गाडीला फार वेळ लागला नाही, तेव्हा ‘जवळ’ म्हणजे काय ते कळलं.

पाचवा दिवस: अंकारातलं उलुस

अंकाराची थंडी कोरडी. सकाळी सात वाजता तोंडातून वाफा. इथलं सिमित इस्तंबूलपेक्षा काळपट आणि कुरकुरीत, द्राक्षाच्या काकवीत बुडवून भाजलेलं. ते खात खात आधी हाजी बायराम मशिदीकडे गेलो. मशिदीची भिंत रोमन ऑगस्टसच्या देवळाला जवळजवळ टेकलेली आहे. 23 एप्रिल 1920, शुक्रवार. नव्या संसदेचे सभासद इथे जुम्माची नमाज पढले, दुआ मागितली, मेंढ्या कापल्या आणि मिरवणुकीनं टेकडी उतरून सभागृहात गेले. पुढे ज्यांनी धर्म आणि राज्य वेगळं केलं त्यांची सुरुवात अशी झाली, हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात भेटलं नव्हतं. तेव्हा तर ते सुलतान-खलिफाला परकीयांच्या कैदेतून सोडवू असंच म्हणत होते. राजधानीवर परक्यांचा ताबा होता आणि पुढे ऑगस्ट 1920 मध्ये सेव्हरच्या तहावर त्याच सुलतानाच्या सरकारनं सही केली. अनातोलियाचे लचके तोडणारा तो तह. सुलतानाबद्दलची माया तिथे उडाली.

सभागृह बघून मी दारातच थांबले. एवढंसं? आमच्या जिल्हा परिषद शाळेचा मोठा वर्ग असावा तेवढं. इमारत युनियन अँड प्रोग्रेस या तरुण तुर्कांच्या पक्षाच्या क्लबासाठी बांधायला घेतलेली, अर्धवट राहिलेली. कौलं कमी पडली तेव्हा लोकांनी आपापल्या घरांवरची दिली. बाकं जवळच्या शाळेतली. दिवा कॉफीच्या दुकानातून आणलेला. ऊब म्हणून एक पत्र्याची शेगडी. पहिल्या दिवशी 115 सभासद हजर होते. शाळकरी बाकांवर पागोटेवाले मौलवी, फेझवाले वकील, लष्करी टोप्यांतले अधिकारी शेजारी शेजारी बसायचे. बाकावर बाई एकही नाही. त्यांना संसदेसाठीचा मताधिकार 1934 साली मिळाला आणि 1935 साली पहिल्यांदा बायका निवडून आल्या.

याच खोलीत सुलतानपद गेलं. याच खोलीत 29 ऑक्टोबर 1923 च्या रात्री साडेआठला प्रजासत्ताक जाहीर झालं. आणि याच खोलीत 3 मार्च 1924 ला खिलाफत संपली. दोल्माबाह्चेतलं एक झुंबर इथे टांगलं असतं तर छप्पर खाली आलं असतं.

एका कपाटात 1921 च्या ‘तेकालिफ-इ मिल्लिये’ हुकमांची माहिती होती. प्रत्येक घरानं सैन्यासाठी कपड्यांचा एक जोड, मोजे आणि जोडे द्यायचे. व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी साठ्यातला चाळीस टक्के माल द्यायचा, पैसे नंतर. जनावरं, गाड्या पण. भाचीनं माझा हात दाबला. "मावशी, खेचर."

बोधवाक्याचं जुनं रूप मी वहीत उतरवून घेतलं: ‘हाकिमियेत बिला कय्द-उ-शर्त मिल्लेतिंदिर.’ सार्वभौमत्व बिनशर्त राष्ट्राचं आहे. ‘शर्त’ आणि ‘बिला’ कळायला मला कोश लागला नाही. पुढे भाषाशुद्धीत ‘हाकिमियेत’ जाऊन ‘एगेमेनलिक’ आलं. आज तिथल्या शाळेतल्या मुलांना जुनं वाक्य समजावून सांगावं लागतं, आणि मराठी बाईला ते निम्मं कळतं.

मुलींच्या त्या ‘का?’चं उत्तर मला या खोलीत सापडलं. खलिफा राहिला असता तर प्रत्येक नाराज माणसाला जायला एक दुसरं दार राहिलं असतं. एका देशात दोन गाद्या कमालला नको होत्या. शिवाय भारतातल्या मुसलमान नेत्यांनी खलिफाचा मान राखा म्हणून पत्र पाठवलं, तेही इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत आधी छापून आलं आणि अंकारानं ते परक्यांची ढवळाढवळ म्हणून घेतलं. ज्यांनी मुंबईत वर्गणी गोळा केली, दागिने दिले, त्यांच्या वाट्याला हे आलं. त्यांच्याविषयी मला फार वाईट वाटतं. पैसा मात्र वाया गेला नाही: हिंदुस्थानातून आलेल्या रकमेचा काही भाग 1924 साली इश बँकेच्या भांडवलात गेला. उलुसमध्येच त्या बँकेच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे, अवश्य बघा.

सहावा दिवस: आनितकबीर

आनितकबीर म्हणजे अतातुर्कची समाधी. आधी 262 मीटरचा रस्ता, दोन्हीकडे दगडी सिंह, एकूण 24. फरशीच्या दगडांमध्ये पाच-पाच सेंटिमीटरची फट आहे, गवत उगवलेलं. माणसानं पायाखाली बघत, सावकाश यावं म्हणून. मीही मान खाली घालूनच गेले. समाधीचा दगड चाळीस टनांचा. 1938 ला वारलेल्या माणसाचा देह इथे 1953 साली आणला. लहान मुलांचे घोळके, सैनिक, हिजाब घातलेल्या बाया, डोक्यावर काहीच नसलेल्या बाया. एक शिक्षक रांगेतल्या मुलांना ओरडत होते, अगदी आमच्यासारखेच.

रात्रीच्या बसनं आयवालिक. बस मध्येच बंद पडली आणि अडीच तास पेट्रोलपंपावर कुडकुडत काढले. लांबच्या रात्रीच्या बसला जाणार असाल तर शाल आणि खायचं हाताशी ठेवा, डिकीत नको.

सातवा आणि आठवा दिवस: आयवालिक

थंडीतून उतरलो ते ऑलिव्हच्या हंगामात. झाडांखाली जाळी अंथरलेली, माणसं काठ्यांनी फांद्या झोडपत होती, आणि गावभर ताज्या तेलाचा हिरवा, किंचित कडवट वास. पावाचा तुकडा त्या तेलात बुडवला की घशाला तिखट लागतो. मी दोन डबे घेतले.

गाव दगडी, सुंदर, आणि घरांच्या दारांवर ग्रीक अक्षरं. 1922 पर्यंत इथे जवळजवळ सगळे ग्रीक ख्रिस्ती होते. 30 जानेवारी 1923 ला लोझानमध्ये अदलाबदलीचा करार झाला: अनातोलियातले सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला, आणि ग्रीसमधले साडेतीन-चार लाख मुसलमान इकडे. आधीच पळालेलेही त्यात मोजलेले. आवडनिवड कुणालाच नव्हती. निकष धर्म हा होता, भाषा नाही. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरून गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान ‘तुर्क’ ठरून आले. गावातली सातली जामी, घड्याळवाली मशीद, मुळात आयोस यानिस चर्च. समोर लेस्बोस बेट एवढं जवळ की संध्याकाळी तिथले दिवे दिसतात.

जुन्दा बेटावर आम्ही एका तेय्झेंच्या घरी उतरलो होतो. वय ऐंशीच्या पुढे. सकाळी त्यांनी रानभाज्या शिजवून वर तेल-लिंबू घालून दिल्या. माठ-घोळ-चाकवताची आठवण आली. "हॉर्ता," त्या म्हणाल्या. हा ग्रीक शब्द. त्यांची आजी क्रीटहून आली तेव्हा तिला तुर्कीचा एक शब्द येत नव्हता. बाजारात ग्रीक बोलली की लोक ओरडायचे, "नागरिका, तुर्की बोल!" 1928 पासून ही मोहीमच होती. आजी मग बाजारात गप्प राहू लागली. बोटानं दाखवायची, बोटं मोजून पैसे द्यायची. घरात दार लावून गाणी म्हणायची. "आम्हाला वाटायचं, आजी मुकी आहे की काय. ती फक्त घराबाहेर मुकी होती."

मी त्यांना उल्हासनगरच्या सिंधी लोकांबद्दल सांगितलं. छावणीत आलेले, पुढे व्यापारात शहाणे झालेले. त्यांनी विचारलं, "त्यांना परत जाऊन घर बघता आलं का?" मी म्हटलं, फार थोड्यांना. त्यांनी माझ्या ताटात आणखी हॉर्ता वाढलं. अंकाराच्या त्या खोलीचं मला मनापासून कौतुक आहे, आणि ते या स्वयंपाकघरात बसूनही कमी झालं नाही. पण त्या खोलीनं काय जोडलं हे सांगताना काय तोडलं तेही वर्गात सांगायचं, असं मी तिथे ठरवलं.

जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबरात बरीच हॉटेलं बंद असतात, पण जी उघडी असतात ती निम्म्या भावात मिळतात. शाकाहाऱ्यांनी ‘झेयतिनयालि’ हा शब्द लक्षात ठेवावा, म्हणजे ऑलिव्ह तेलात केलेल्या, गार वाढायच्या भाज्या. बहुतेक वेळा मांसाशिवाय असतात, तरी विचारून घ्या.

नववा दिवस, 10 नोव्हेंबर: बेशिक्ताश

आदल्या रात्री इस्तंबूलला परतलो होतो. सकाळी साडेआठलाच दोल्माबाह्चेच्या बाहेर रांग लागलेली, हातात पांढरी आणि लाल फुलं. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. 9 वाजून 5 मिनिटांनी भोंगा झाला आणि सगळं थांबलं. बसचा चालक खाली उतरून दाराशी उभा राहिला. टॅक्सीवाले उतरले. सिमितवाला हातातला चिमटा तसाच धरून उभा. बोस्फरसमधल्या बोटींनी भोंगे दिले, लांब, एकात एक मिसळलेले. शेजारच्या बाई रडत होत्या. एक दाढीवाला तरुण न थांबता, खाली बघत चालत राहिला. कुणी त्याला काही बोललं नाही. मग भोंगा थांबला, चालक बसमध्ये चढला, आणि सिमितवाल्यानं आमची सुटी मोड परत दिली.

परत येऊन तीन आठवडे झाले. गेल्या रविवारी ट्रंकेतलं बोचकं उचलून मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त सरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, पहिला कागद उन्हाकडे धरला आणि बोट फिरवत वाचू लागले. वर श्री, मग गावाचं नाव, मग जुन्या महसुली सनाचं ‘फसली 13’. पुढचे दोन आकडे कसरीनं खाल्ले आहेत. बाकीचं येत्या रविवारी, म्हणाले. भिंग मागवलं आहे.